पीपीच्या दाण्यात दोन शिखरं! डीएससीचा आलेख वाचता येणारं कुणी आहे का?

गाळा_नं_१४ | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, इथे पुरणपोळीपासून पासपोर्टपर्यंत सगळ्याचं उत्तर मिळतं, म्हणून माझंही गाऱ्हाणं टाकून बघतो.

माझा इंजेक्शन मोल्डिंगचा गाळा आहे, चार मशीनचा. प्रथमोपचाराच्या पेट्या काढतो. तळ आणि झाकण एकाच शॉटमध्ये, मध्ये पातळ बिजागरी. पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) बिजागरी हजारो वेळा उघडझाक केली तरी तुटत नाही, हे या धंद्यातलं पहिलं पाठांतर. गेल्या महिन्यात रिप्रोसेस (भंगारातून पुन्हा बनवलेल्या) दाण्याचा नवा लॉट घेतला आणि पेट्या परत यायला लागल्या. वीसेक वेळा उघडलं की बिजागरी पांढरी पडते, मग चिरते. गेटजवळ, म्हणजे माल साच्यात शिरतो तिथे, नखाने खरवडलं तर कांद्यासारखे पापुद्रे सुटतात.

पुरवठादार आधी म्हणाला, शुद्ध पीपी आहे. मग नरमला. "थोडंफार एचडी (एचडीपीई, जास्त घनतेचं पॉलिइथिलीन) गेलं असेल, पण दोन्ही एकाच घराण्यातले, दोन्ही पाण्यावर तरंगतात, वितळले की एकजीव होतात." एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती पातळ वाहतो त्याचा आकडा, बघितला तर १२, म्हणजे मला हवा तोच. शेवटी पदरमोड करून डीएससी (माल तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी) करून आणली. तापवताना दोन उंचवटे आलेत: एक १२९ अंशांवर, दुसरा १६३ वर. खाली लिहिलंय, पहिला २८ ज्यूल प्रति ग्रॅम, दुसरा ८०. थंड करताना मात्र एकच उंचवटा, ११७ ला. पुरवठादार नेमका त्या एकावर बोट ठेवतो. "बघा साहेब, झालंय की नाही एकजीव!"

दोन खरे की एक खरा? आणि बॅरलचं, म्हणजे माल वितळवणाऱ्या नळीचं, तापमान वीस-तीस अंश चढवलं तर हे मिसळेल का? सहाशे किलो दाणा गाळ्यात पडून आहे.

खडीसाखर | सोमवार, रात्री १०.५८

मला यातलं शष्प कळत नाही, पण "सहाशे किलो पडून आहे" हे वाक्य काळजाला भिडलं. बसतोय इथेच.

निवृत्त_रेणू | सोमवार, रात्री ११.३५

दोन खरे. एक हा निव्वळ योगायोग आहे, आणि पुरवठादाराने तो बरोबर हेरलाय.

डीएससीत दोन छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्या असतात. एकीत तुमच्या दाण्याचा पाच-दहा मिलिग्रॅमचा कपटा, दुसरी रिकामी. दोन्ही एकाच वेगाने तापवायच्या, बहुधा मिनिटाला १० अंश. कपटा वितळायला लागला की त्याला जास्त उष्णता लागते, आणि तो फरक आलेखावर उंचवटा म्हणून दिसतो. १६३ हा पीपीच्या स्फटिकांचा, १२९ हा एचडीपीईच्या. दोघांनी आपापले स्फटिक वेगळे रचलेत आणि ते आपापल्या वेळी वितळतायत.

आता थंड करताना एकच का? कारण पॉलिमर ज्या तापमानाला वितळतं त्याच तापमानाला गोठत नाही, बरंच खाली यावं लागतं. एचडीपीई या बाबतीत चपळ आहे. १३० च्या आसपास वितळतं आणि ११५ ते ११८ ला गोठतं. पीपी आळशी. वितळतं १६३ ला, पण गोठायला ११० ते १२० पर्यंत खाली उतरतं. म्हणजे वर जाताना दोघांची स्टेशनं तीसेक अंश लांब, उतरताना दोघंही एकाच फलाटावर. एकाच फलाटावर उतरले म्हणून नवरा-बायको होत नाहीत.

किती मिसळलंय तेही तुमच्याच कागदावर आहे. शुद्ध एचडीपीई वितळायला साधारण १९० ज्यूल प्रति ग्रॅम घेतं. २८ भागिले १९०, म्हणजे जवळजवळ १५ टक्के. पीपीच्या बाजूने पडताळा घ्या. शुद्ध होमोपॉलिमर (नुसतं पीपी) ९५ च्या आसपास, त्याचे ८५ टक्के म्हणजे ८१. तुमचे ८०. हिशोब जुळतो. "थोडंफार" म्हणजे सहाशे किलोत नव्वद किलो एचडी आहे!

एक सावधगिरी मात्र पुरवठादाराच्या बाजूने. पीपीच्या इम्पॅक्ट कोपॉलिमर जातीत, म्हणजे बादल्या-बंपरवाल्या जातीत, मुळातच थोडं पॉलिइथिलीन (पीई) असतं. तेही छोटा उंचवटा दाखवतं, पण तो १२९ पेक्षा खाली, बहुधा ११५ ते १२० च्या दरम्यान, आणि दोन-चार ज्यूलचा. १२९ ला २८ ज्यूल हे त्यात बसत नाही.

पॉलिमर_तिसरं_वर्ष | मंगळवार, सकाळी ७.१५

सर, पण दोन मेल्टिंग पीक आले म्हणजे ब्लेंड इमिसिबल, म्हणजे एकजीव न होणारं, असंच ना? आम्ही जर्नलमध्ये असंच लिहितो.

निवृत्त_रेणू | मंगळवार, सकाळी ९.०५

लिहू नका. दोन स्फटिकं वेगळी झाली एवढंच त्यातून कळतं. वितळलेल्या अवस्थेत दोघं एकत्र होते की नाही, ते यातून ठरत नाही. एकजीव द्रवातूनही दोन वेगळे स्फटिक बाहेर पडू शकतात.

त्यासाठी बघायचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे तुमचं टीजी: ज्याच्या खाली माल काचेसारखा ताठर होतो, आलेखावर पायरीसारखं दिसतं ते. कारण ते स्फटिकाबाहेरच्या अस्ताव्यस्त भागाचं असतं. खरोखर मिसळलं असेल तर दोघांच्या टीजींच्या मध्ये कुठेतरी एकच टीजी येतो. मिसळलं नसेल तर दोन, आपापल्या जागी. अर्धवट मिसळलं असेल तर दोनच, पण एकमेकांकडे सरकलेले. पॉलिकार्बोनेट आणि एबीएसच्या मिश्रणात तेच दिसतं. आणि दोघांचे मूळ टीजी वीसेक अंशांच्या आत असतील तर हा निकष विसरा, पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात.

गाळावाल्यांच्या कागदावर टीजी शोधू नका, सापडणार नाही. पीपीचा शून्याच्या आसपास किंवा थोडा खाली, पॉलिइथिलीनचा शून्याखाली शंभराच्याही पलीकडे. लॅबने खोलीच्या तापमानापासून सुरुवात केली असणार. शिवाय स्फटिक जास्त असले की टीजीची पायरी इतकी बुटकी होते की डोळे ताणून बघावं लागतं.

पीपी आणि पीई द्रवातसुद्धा फटकून वागतात, हे इतर मार्गांनी पक्कं ठरलेलं आहे. त्यात वाद नाही.

खडीसाखर | मंगळवार, सकाळी ९.३०

दोघंही कार्बन-हायड्रोजनचेच ना? मग एवढं काय वाकडं आहे? आमच्याकडे सख्खे चुलतभाऊ बांधावरून भांडतात, तसं काही?

निवृत्त_रेणू | मंगळवार, सकाळी ११.२०

खडीसाखर, विनोद केलात पण प्रश्न नेमका आहे.

पाण्यात अल्कोहोल का मिसळतं? लहान रेणू आहेत, मिसळल्यावर त्यांना मांडणीचे अगणित नवे पर्याय मिळतात. निसर्गाला हा पसारा आवडतो, शास्त्रात त्याला एन्ट्रॉपी म्हणतात. पॉलिमरमध्ये हजारो कड्या एका साखळीत ओवलेल्या. एक कडी इथे ठेवली की पुढची तिच्या शेजारीच हवी. स्वातंत्र्य संपलं. मिसळून मिळणारा फायदा साखळीच्या लांबीने भागला जातो आणि जवळजवळ शून्य उरतो. मग किंचितशी नावडसुद्धा पुरते.

फ्लोरी आणि हगिन्स या दोघांनी १९४२ मध्ये स्वतंत्रपणे हे गणित मांडलं. फ्लोरींना पुढे १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या नावडीच्या मापाला त्यांच्या सिद्धांतात एक ग्रीक अक्षर आहे, त्याचं नाव 'काय'. आमचे प्राध्यापक फळ्याकडे बोट करून "हे काय?" विचारायचे आणि वर्गातून "काय!" असं उत्तर यायचं. चाळीस वर्षं झाली, अजून हसू येतं. तर दोन्ही साखळ्या हजार-हजार कड्यांच्या असतील तर या 'काय'ची मर्यादा दोन भागिले हजार, म्हणजे ०.००२. त्याच्या वर गेलात की मिश्रण फुटू शकतं. पीपीच्या प्रत्येक दुसऱ्या कार्बनवर एक मिथिलचं शेपूट आहे, पीईवर नाही. या साखळ्यांच्या लांबीला तेवढं शेपूट पुरतं.

म्हणून चुलतभाऊ नकोत, एवढी लांबलचक माणसं म्हणा की ज्यांना कूस बदलायलाही जागा नाही.

पॉलिमर_तिसरं_वर्ष | मंगळवार, दुपारी १.५०

मग मिसळणारी जोडी कोणती? पीएस (पॉलिस्टायरीन) आणि पीपीओचं (पॉलिफेनिलीन ऑक्साइडचं) नाव वाचलंय. फॉक्सच्या समीकरणाने (मिश्रणाचा टीजी सांगणारं सूत्र) ५०-५० चा टीजी काढला, १३५ आला. पुस्तकातल्या आलेखावर मात्र दीडशेच्या जवळ दिसतोय.

टायरताई | मंगळवार, रात्री ८.१०

सेल्सिअसमध्ये भागाकार केलास ना? सगळे एकदा तरी करतात. मी नोकरी लागल्यावर केला होता, सगळ्यांसमोर.

केल्विन घे. पॉलिस्टायरीन १०० अंश म्हणजे ३७३, पीपीओ २१० अंश म्हणजे ४८३. अर्ध्याला ३७३ ने भाग, अर्ध्याला ४८३ ने, बेरीज उलटी कर. ४२१ केल्विन येतात, म्हणजे १४८ अंश. ७० टक्के पीएस घेतलंस तर १२७. नुसती सरासरी काढली असतीस तर ५०-५० ला १५५ आले असते. म्हणजे समीकरण कमी टीजीवाल्याच्या बाजूला झुकतं.

ही जोडी खरंच कोणत्याही प्रमाणात एकजीव होते. दोघांच्या बेंझिन वलयांचं एकमेकांशी जमतं. पीपीओ ॲलन हे यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९५६ साली बनवलं. उष्णतेला भारी, पण एकटं मोल्ड करायला गेलं तर इतकं घट्ट की वितळून वाहेपर्यंत खराब व्हायला लागतं. पीएस घातलं की टीजी हवा तेवढा खाली येतो आणि माल वाहतो. साठच्या दशकात नोरिल नावाने तेच बाजारात आलं. पीएसचं प्रमाण फिरवून उष्णतारोधकता ठरवायची, रेडिओचा कान पिळावा तशी.

पण मला इथे वेगळंच म्हणायचंय. मी ॲक्रनला, ओहायोत असते, टायरच्या कामात. इथे "मिसळत नाही" ही तक्रार कुणी करत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीत नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाइन घालतात. एकाचा टीजी उणे ७० च्या आसपास, दुसऱ्याचा उणे १०० च्या. दोन्ही टीजी वेगवेगळे दिसतात, म्हणजे एकजीव नाहीतच, आणि तेच आम्हाला हवंय. रस्त्यावर दर फेरीला भिंत वाकते, तडा जायला बघतो, आणि दुसऱ्या रबराच्या बेटांपाशी त्याची वाट वाकडी होते. एकजीव केलं असतं तर दोघांच्या मधलं कुठलंतरी तिसरंच रबर हातात आलं असतं.

फरक इतकाच, की आमची बेटं मायक्रॉनच्या आसपासची आणि व्हल्कनायझेशनने एकमेकांना शिवलेली. गाळावाल्यांची बेटं नुसती पडून आहेत. पापुद्रे त्याचेच.

तेरावं_कंपाउंड | मंगळवार, रात्री ९.४५

शास्त्र मला कळत नाही, पण हा माल कुठून आला ते सांगू शकतो. माझ्या वडिलांनी धारावीत तीस वर्षं प्लास्टिक निवडलं, मी दहा.

शॅम्पूची नाहीतर भांड्याच्या लिक्विडची बाटली घ्या. अंग एचडीचं. आणि वरचं फ्लिप टॉप टोपण? ते पीपीचं, कारण त्याला बिजागरी असते. तुमच्या पेटीला आहे तीच. ज्याला घाई आहे तो टोपण न काढता अख्खी बाटली ग्राइंडरात टाकतो. रंग सारखा असेल तर भुग्यात कुणाच्या बापाला कळत नाही.

पाण्यात टाकून उपयोग नाही. पीपी ०.९०, एचडी ०.९५, दोन्ही वर. त्याने फक्त पीईटी आणि पीव्हीसी खाली जातात. आणि ते दोघं खाली गेले तरी एकमेकांपासून सुटत नाहीत, वजन जवळपास सारखंच. पीईटीच्या दाण्यात पीव्हीसीचा तुकडा गेला की काय होतं ते विचारा. पीईटी वितळायला २५० च्या वर जावं लागतं, तेवढ्यात पीव्हीसी जळून आम्ल सोडतं. सगळा माल पिवळा-तपकिरी, आणि डोळ्यांतून पाणी.

हातातला तुकडा ओळखायचा तर आम्ही नख मारतो, वाकवतो, फरशीवर टाकून आवाज ऐकतो. एचडीवर नख उमटतं, हाताला मेण लावल्यासारखं लागतं. पीपी कडक, टणटण वाजतं. जाळून वास घ्यायचा तर एचडी सरळ मेणबत्ती, पीपीच्या वासाला जरा डिझेलची धार. माझी आई डोळे मिटून सांगायची. पण हे सगळं तुकड्यावर. एकदा दाणा पडला की आईलाही नसतं आलं.

खडीसाखर | मंगळवार, रात्री १०.०२

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. काकूंना नमस्कार सांगा.

गाळा_नं_१४ | बुधवार, सकाळी ८.३०

तेरावं_कंपाउंड भाऊ, तुम्ही नेमकं धरलंत. भुगा बघितला तेव्हा त्यात चपट्या चकत्यांचे तुकडे होते, मी दुर्लक्ष केलं.

पण तापमानाचं राहिलं. मी काल न राहवून २१० चं २३५ केलं, बॅक प्रेशरही (घुसळण वाढवणारा दाब) चढवलं. पहिल्या पन्नास पेट्या जरा बऱ्या वाटल्या. नंतर पुन्हा तेच, वर कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून जादा मालाची झालर, यायला लागला.

टायरताई | बुधवार, रात्री ७.५०

दादा, उष्णतेने मिसळेल ही सवय आपल्याला चहात साखर घालून लागलीय. पॉलिमरच्या बऱ्याच जोड्या उलट्या आहेत. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल इथर यांची फिल्म टोल्युइनमधून ओतली तर काचेसारखी स्वच्छ निघते. ती तापवत न्या, शंभर अंशांच्या पुढे कुठेतरी दुधासारखी पांढरी होते. गरम झाल्यामुळे वेगळी झाली! पहिल्यांदा बघताना वाटतं, कुणीतरी चेष्टा करतंय.

तुमच्या जोडीत तापमान वाढवून एकजीव होणं विसरा. घुसळून थेंब बारीक होतील एवढंच. आणि त्यातही गोम आहे. बाटलीचं एचडी ब्लो मोल्डिंगचं, म्हणजे फार घट्ट, एमएफआय एकाच्याही खाली. तुमचं पीपी पातळ. पातळ द्रवात घट्ट थेंब घातला तर तो फुटत नाही, जागच्या जागी गोल गोल फिरत राहतो. जी. आय. टेलर यांनी १९३० च्या दशकात थेंब कसे फुटतात याचा पाया घातला. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की थेंब आजूबाजूच्या द्रवापेक्षा चौपटीहून घट्ट असेल तर नुसत्या सरकत्या प्रवाहात तो फुटतच नाही. ताकात लोण्याचा गोळा रवीने कितीही फिरवा.

तापमान चढवल्याने पीपी आणखी पातळ झालं, म्हणून फ्लॅश. तफावत तर वाढलीच.

निवृत्त_रेणू | बुधवार, रात्री ९.१५

टायरताईंना दुजोरा, आणि एमएफआयबद्दल एक. जास्त तापवलं की पीपीच्या साखळ्या तुटतात, एमएफआय वाढतो. पीई उलट, त्याच्या साखळ्या एकमेकांना जोडल्या जातात, एमएफआय घटतो. मिश्रणात हे दोन्ही एकमेकांना झाकू शकतात. म्हणून १२ आला याचा अर्थ माल चांगला असा घेऊ नका. एमएफआय हे बेरजेचं उत्तर आहे, त्यातले आकडे कोणते ते तो सांगत नाही.

पॉलिमर_तिसरं_वर्ष | बुधवार, रात्री १०.२०

मग कम्पॅटिबिलायझर, म्हणजे दोघांना जोडून ठेवणारं काही? मॅलेइक ग्राफ्टेड पीपी घातलं तर?

निवृत्त_रेणू | बुधवार, रात्री १०.५५

ते नायलॉनसाठी. मॅलेइकचं टोक नायलॉनच्या अमाइन टोकाशी रासायनिक गाठ मारतं. एचडीपीईकडे गाठ मारायला टोकच नाही, घालून पैसे वाया.

इथे लागतं असं काहीतरी ज्याचा एक भाग पीईत रमेल आणि दुसरा पीपीत. २०१७ मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या गटाने पीई आणि पीपीचे आलटून पालटून चार खंड असलेली साखळी बनवली. एखाद टक्का घातली की ठिसूळ मिश्रण चिवट झालं, कारण साखळी दोन्ही बाजूंच्या स्फटिकांत टाके घालते. फार देखणं काम. आपल्या गाळ्यांत पोचणारी गोष्ट म्हणजे इथिलीन-ऑक्टीनचं इलॅस्टोमर, व्यापारी ज्याला पीओई म्हणतात. पाच-दहा टक्के घातलं तर पापुद्रे कमी होतील, आपटलं तर फुटणार नाही. पण माल मऊ पडेल, आणि दर किलोमागे खर्च एवढा वाढेल की रिप्रोसेस घेण्यातली मौजच जाईल.

बिजागरीसाठी तर तेही सुचवणार नाही. बिजागरी टिकते कारण साच्यातून निघाल्यावर गरम असतानाच ती दुमडतात, आणि त्या पातळ पट्टीत पीपीच्या साखळ्या एका दिशेने ताणल्या जाऊन रांगेत बसतात. त्या रांगेत मध्येच एचडीचा लांबट थेंब आला की दोरखंडात मेणाची कांडी गुंफल्यासारखं होतं.

गाळा_नं_१४ | शनिवार, सायंकाळी ६.२५

अपडेट. बिजागरीच्या पेट्यांना व्हर्जिन (नवं कोरं) पीपी लावलं, जुन्या तापमानाला. दोन दिवसांत एकही चिरली नाही, पोराला टीव्हीसमोर बसवून पाचशे वेळा उघडझाक करून घेतली.

पुरवठादाराला रेणूसरांचा २८ भागिले १९० चा हिशोब वहीवर मांडून दाखवला. आधी म्हणाला लॅब चुकली. मग फ्लिप टॉपचं सांगितलं तेव्हा गप्प झाला. नवा लॉट टोपण काढून दळतो म्हणालाय, दर किलोला चार रुपये जास्त. मी म्हटलं, आधी डीएससी, मग चार रुपये.

सहाशेतले तापमानाच्या प्रयोगात तीसेक किलो गेले. उरलेल्याचा जुना कुंडीचा साचा बाहेर काढून बारा इंची कुंडी काढली. भिंत जाड, वाकायचं काम नाही. गेटजवळ थोडे पापुद्रे आहेत, पण ती बाजू खाली जमिनीला टेकते. उन्हात ठेवल्यात चार, बघू.

तेरावं_कंपाउंड | शनिवार, सायंकाळी ७.१०

काळा मास्टरबॅच (रंगाचा दाणा) घाला भाऊ, उन्हात बिनरंगी पीपी सहा महिन्यांत भुगा होईल. आणि कुंडी फुटली तर आमच्याकडे नका पाठवू.

खडीसाखर | शनिवार, रात्री ८.००

बारा इंची कुंडी कितीला? माझ्या कढीपत्त्याला हवीय. एकजीव नसली तरी चालेल.